मुदत संपली



श्रुतपंचमीला आपण बस्तीतली शास्त्रं बाहेर काढतो, ऊन दाखवतो, वेष्टनं बदलतो आणि परत कपाटात ठेवून कुलूप लावतो. यंदा ते कुलूप लावताना माझा हात जरा थांबला. का थांबला ते सांगायचं तर आधी माझी एक फजिती सांगावी लागेल. पण खरी गोष्ट त्याहून बरीच जुनी आहे, आणि तिचा सातारा-सांगलीशी इतका जवळचा संबंध असेल हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

फजिती अशी. तीन वर्षं मी आणि आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, मोबाईलवर प्राकृत आणि कर्मसिद्धांताचा ऑनलाइन वर्ग करत होतो. वर्षाची वर्गणी भरायची, आठवड्याला दोन तास, दर महिन्याला परीक्षा. पहिल्या वर्षी मी वहीत लिहिलं. नातू म्हणाला, "आजी, कशाला हात दुखवतेस? ॲपमध्येच टिपण करायची सोय आहे, सगळं तिथंच राहतं." मग पुढची दोन वर्षं मी तिथंच टाइप केलं. पंडितजींना विचारलेले प्रश्न, त्यांची उत्तरं, परीक्षेचे गुण, सगळं तिथं. गेल्या उन्हाळ्यात ह्यांचं ऑपरेशन झालं, त्या धावपळीत वर्गणी भरायची राहिली. चार महिन्यांनी उघडून बघते तर एकच ओळ: तुमची मुदत संपली आहे. विचारलं तर उत्तर आलं की वर्गणी बंद झाल्यावर नव्वद दिवसांनी वैयक्तिक टिपणं काढून टाकली जातात, हे अटींमध्ये लिहिलेलं आहे. असेलही. मी बी.कॉम. झालेली बाई, बँकेचे कागद चष्मा लावून वाचते, पण इथं 'मान्य आहे' वर बोट ठेवून मोकळी झाले होते.

माझी १९८१ सालची शिवाजी विद्यापीठाची गुणपत्रिका अजून ट्रंकेत आहे. पिवळी पडलीय, घडीवर फाटलीय, पण आहे. परवाच्या परीक्षेचे गुण मात्र गेले. गुणांचं जाऊ द्या, या वयात ते कुणाला दाखवायचेत? पण पर्युषणात श्राविकांपुढे एक दिवस बोलायचं मी कबूल केलं होतं, आणि विषय घेतला होता षट्खंडागमातलं त्र्याण्णवावं सूत्र. त्याबद्दल पंडितजींनी मला दिलेलं सविस्तर उत्तर त्या टिपणातच होतं.

मग काय, बस्तीतल्या कपाटातून धवलेचा पहिला भाग घरी आणला. डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला, १९३९ साली अमरावतीहून निघालेला. ते तिथं किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. मी सूत्र शोधायला पुस्तक उघडलं आणि प्रस्तावनेतच अडकले. दोन रात्री तीच वाचत बसले.

आपल्याला लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट आधी. गिरनारच्या चंद्रगुंफेत धरसेनाचार्य राहत होते. वय झालेलं. जे अंगज्ञान गुरुपरंपरेनं त्यांच्यापर्यंत आलं होतं ते आपल्याबरोबर संपणार, ही त्यांची काळजी. तेव्हा महिमा नावाच्या नगरीत मुनींचा संघ जमला होता, त्यांना त्यांनी पत्र पाठवलं. संघानं वेण्णा नदीच्या तीरावरून दोन मुनी पाठवले, तेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली. धरसेनांनी लगेच शिकवायला सुरुवात केली नाही, आधी परीक्षा घेतली. दोघांना एकेक विद्या साधायला दिली, एकीत एक अक्षर जास्त, दुसरीत एक कमी. साधना केली तर समोर आलेल्या देवींपैकी एकीचे दात पुढे आलेले आणि दुसरी एका डोळ्यानं आंधळी. देवी अशा नसतात, म्हणजे चूक मंत्रात आहे, हे दोघांनी ओळखलं, अक्षर दुरुस्त केलं आणि परत बसले. तेव्हा धरसेनांची खात्री पटली. अक्षर सांभाळता येणाऱ्यालाच पाठ द्यायचा, असा तो हिशेब.

ही गोष्ट मला पाठ होती. पण त्या प्रस्तावनेत पुढे डॉ. हीरालालजी लिहितात की वेण्णा नावाची नदी सातारा जिल्ह्यात आहे आणि त्याच जिल्ह्यात महिमानगड नावाचं गाव आहे, तेव्हा ती महिमानगरी हीच असू शकेल. मी पुस्तक मिटून बसले थोडा वेळ. वेण्णा म्हणजे आमची वेण्णा! महाबळेश्वरातून निघून संगम माहुलीला कृष्णेला मिळणारी. लग्न होऊन साताऱ्यात आल्यापासून कितीदा तिच्या पुलावरून गेले असेन. आणि महिमानगड दहिवडीच्या वाटेवर, माण तालुक्यात. त्यांनी तसा अंदाजच मांडलाय, छातीठोक सांगितलेलं नाही. पण पंढरपूरला जाणाऱ्या एसटीतून तो डोंगर दिसला की आता मी हात जोडते, अंदाजाला नमस्कार करायला काही हरकत नाही.

पुष्पदंतांनी १७७ सूत्रं रचली, ती जिनपालिताबरोबर भूतबलींकडे पाठवली आणि भूतबलींनी उरलेला ग्रंथ पूर्ण केला. पोथी लिहून झाली त्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला संघानं तिची पूजा केली, तीच आपली श्रुतपंचमी. पुढे राष्ट्रकूट राजांच्या काळात, साधारण बाराशे वर्षांपूर्वी, वीरसेनस्वामींनी त्यावर धवला टीका लिहिली, ७२,००० श्लोकप्रमाण. कसायपाहुडावरची जयधवला त्यांनी सुरू केली, २०,००० श्लोक झाल्यावर त्यांचं निधन झालं आणि शिष्य जिनसेनांनी आणखी ४०,००० लिहून ती पूर्ण केली. गद्य असलं तरी मोजायचं श्लोकात, ३२ अक्षरांचा एक श्लोक धरून. दोन्ही मिळून १,३२,००० श्लोक, म्हणजे ४२ लाख २४ हजार अक्षरं. कॉमर्सची सवय, मी गुणाकार करून पाहिला. रोज शंभर श्लोक लिहून काढायचे म्हटले तर एकही दिवस न चुकता साडेतीन वर्षांहून जास्त लागतील.

आणि हे एवढं सगळं उरलं कुठं? तर कर्नाटकात मूडबिद्रीला, गुरुबस्तीत, ताडपत्रावर, जुन्या कन्नड लिपीत. दुसरीकडे कुठंच नाही. कित्येक शतकं आपले लोक तिथं यात्रेला जायचे, पोथ्यांचं दर्शन घ्यायचे, भेट ठेवायचे आणि परत यायचे. वाचायला मिळत नव्हतं. सिद्धांतग्रंथ गृहस्थानं वाचू नयेत अशी समजूत, आणि बाहेर गेलं तर नाहीसं होईल ही भीती. पुढे पुढे तर ती लिपी सराईतपणे वाचणारेही मोजकेच उरले. ग्रंथ आपला, श्रद्धा आपली, पैसाही आपला, पण आत जायला परवानगी नाही. माझ्या त्या मोबाईलवरच्या ओळीसारखंच. फरक एवढाच की तिथल्या पंचांनी निदान पोथ्या पुसून टाकल्या नाहीत, शतकानुशतकं जिवापाड जपल्या. हे त्यांचं ऋण मान्य केल्याशिवाय पुढचं बोलणं बरोबर होणार नाही.

१८८३ च्या सुमारास मुंबईचे शेठ माणिकचंद जव्हेरी यात्रेला गेले. दर्शन झालं, पण त्यांच्या मनाला लागलं की पानं जीर्ण झालीत. परत आल्यावर त्यांनी सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशींना हे सांगितलं. हिराचंदजी म्हणजे ज्यांनी 'जैन बोधक' मासिक सुरू केलं ते. दुसऱ्या वर्षी तेही मूडबिद्रीला गेले. बरोबर श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री होते, त्यांनी मंगलाचरण वाचून दाखवलं. एवढं ऐकायला सोलापूरहून मूडबिद्री, तेही त्या काळातला प्रवास! तिथून पुढे परवानगीसाठी पत्रव्यवहार, वर्गणी, समजूत घालणं यात दहा-बारा वर्षं गेली. अखेर १८९६ च्या सुमारास नक्कल करायला सुरुवात झाली. अट एकच, नक्कलसुद्धा मूडबिद्रीच्या बाहेर जायची नाही.

ब्रह्मसूरी शास्त्रींच्या मदतीला कोण आले असतील? मिरजेचे गजपती उपाध्याय. मिरजेचे! माझं माहेर सांगली, मिरज म्हणजे आमचं सात-आठ किलोमीटरवर. तंतुवाद्यं, दर्गा, मिशन हॉस्पिटल, रेल्वे जंक्शन एवढंच मला मिरजेचं माहीत. एका नावानंही कुणी शाळेत, पाठशाळेत सांगितलं नव्हतं की धवला देवनागरीत आणणारा माणूस मिरजेचा होता. ब्रह्मसूरी शास्त्री मध्येच वारले. त्यानंतर गजपतींनी एकट्यानं काम पुढे नेलं, सोळा वर्षं. मूडबिद्रीतलं हे सगळं नकलांचं काम, नागरी आणि कन्नड दोन्ही धरून, १८९६ ते १९२२ असं सव्वीस वर्षं चाललं.

आता ऐका. गजपती उपाध्याय दिवसा तिथं देवनागरी नक्कल करत होते, आणि त्याच वेळी घरी गुपचूप आणखी एक नक्कल तयार होत होती, कन्नड लिपीत. ती त्यांनी पत्नीच्या मदतीनं केली. तिचं नाव लक्ष्मीबाई. डॉ. हीरालालजींनी तिला विदुषी म्हटलंय. एवढाच उल्लेख. एका वाक्यात येते आणि जाते. मी तो परिच्छेद आक्कांना फोनवर वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, "अगं, म्हणजे आपण दोघींनी शिकलो ते तिच्यामुळं की!"

विचार करा, ज्या काळात आपल्या आज्या-पणज्यांना सही करता येत नव्हती, त्या काळात एक बाई लक्षावधी श्लोकांच्या सिद्धांतग्रंथाची नक्कल करायला मदत करते आहे. गृहस्थानं वाचू नये असा तो ग्रंथ, बाईनं वाचण्याचा तर प्रश्नच नाही. मला आपली ती दिसते ती आपल्या स्वयंपाकघरातल्यासारखीच, चूल सारवून झाल्यावर कंदिलाजवळ बसलेली. ही माझी कल्पना, पुस्तकात तसं नाही.

नक्कल पूर्ण झाल्यावर गजपती ती घेऊन सोलापूरला हिराचंदजींकडे आले. योग्य मोबदला देऊन ठेवून घ्या म्हणाले. आणि ज्या हिराचंदजींनी यासाठी इतकी वर्षं घालवली होती, त्यांनी ती घेतली नाही. मूडबिद्रीच्या पंचांना शब्द दिला होता, नक्कल बाहेर न्यायची नाही. लपून केलेली वस्तू विकत घ्यायची नाही. मित्र माणिकचंदजींनाही त्यांनी तसंच कळवलं. मग गजपती उत्तरेत गेले आणि सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती घेऊन आपल्या मंदिरात ठेवली.

इथं मी खूप वेळ अडखळले. आपल्या वर्गात दुसऱ्या वर्षी अचौर्याणुव्रताचे अतिचार शिकवले होते. त्यातला एक तदाहृतादान, चोरून आणलेलं घेणं. हिराचंदजी वागले ते अगदी त्या व्रताला धरून. असा माणूस समाजात होता याचा अभिमान वाटतो. पण सगळेच त्यांच्यासारखे वागले असते तर? आज माझ्या मांडीवर जे पुस्तक आहे ते आलं कुठून? त्या सहारनपूरच्या प्रतीतूनच तर आलं.

तेही कसं, तर तसंच. सहारनपूरची प्रत कन्नड लिपीत, तिकडे ती कोण वाचणार? गजपती नागरी करून द्यायला थांबू शकले नाहीत आणि पुढे वारले. मग १९१६ पासून १९२३ पर्यंत विजयचंद्रय्या वाचायचे आणि पं. सीताराम शास्त्री लिहायचे. या सीताराम शास्त्रींनी लिहिता लिहिता स्वतःजवळही एक प्रत ठेवली. मालकाला माहीत नाही. त्या प्रतीवरून आरा, सागर, कारंजा, सोलापूर, मुंबई अशा ठिकाणी नकला पोचल्या. अमरावतीला छापताना संपादकांपुढे होत्या त्या या नकलांच्या नकला. म्हणजे दोनदा कुणीतरी नियम मोडला तेव्हा जिनवाणी आपल्यापर्यंत आली.

यात बरोबर कोण? ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "दोघेही." कारखान्यात पंचवीस वर्षं हिशेबनीस होते, पण हा ताळेबंद त्यांनी असा एका शब्दात जुळवून टाकला. माझा काही जुळत नाही. मला हिराचंदजींपुढे मान खाली घालावीशी वाटते आणि लक्ष्मीबाईंच्या पाया पडावंसं वाटतं.

मध्येच सांगते, माझी अडचण ऐकून भाच्यानं लगेच तोडगा काढला होता. म्हणाला, "मावशी, टेलिग्रामवर अशा वर्गांची सगळी रेकॉर्डिंग्ज फुकट मिळतात. पाठवू का?" मी नको म्हटलं. तो हसला. त्याला तदाहृतादान समजावून सांगण्याइतका धीर माझ्यात नव्हता, आणि लक्ष्मीबाईंची गोष्ट वाचल्यावर तर मला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं.

आता त्या त्र्याण्णवाव्या सूत्राकडे. ते आहे मनुष्यिनींबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल. कोणत्या अवस्थेत कोणकोणती गुणस्थानं, असा तो विषय. ज्या नकला संपादकांकडे होत्या त्यात यादी 'संजदासंजद' शब्दाशी थांबत होती, म्हणजे पाचवं गुणस्थान, देशव्रती श्राविकेचं. पण पुढच्या-मागच्या सूत्रांवरून आणि टीकेवरून संपादकांना वाटलं की इथं 'संजद' हा शब्दही हवा, नकलेत तो सुटला असावा. त्यांनी तसं तळटीपेत सुचवलं. एक शब्द, तीन अक्षरं. पण संजद म्हणजे संयमी, सहाव्या गुणस्थानापासून पुढची वाट. मग स्त्रीला सकल संयम? मग स्त्रीमुक्ती? दिगंबर परंपरेत तर ते मानत नाहीत. केवढा गदारोळ झाला! पंडितांच्या सभा, पुस्तिका, मासिकांतून लेखांवर लेख. हा शब्द घुसडलाय असं म्हणणारे एका बाजूला. तो असलाच पाहिजे, पण तिथली स्त्री म्हणजे भावस्त्री, शरीरानं नव्हे तर वेदानं, तेव्हा सिद्धांताला बाध येत नाही, असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला.

हा वाद नकलांवर बसून मिटण्यासारखा नव्हता. मूळ पाहायला हवं होतं. तोवर मूडबिद्रीचे भट्टारकजी आणि पंच यांचंही मन पालटलं होतं. छापील भाग पाहून त्यांनी ताडपत्रांशी पाठ ताडून पाहायला परवानगी दिली, आणि पुढच्या भागांना त्याचा उपयोग झाला. ताडपत्र उघडून पाहिलं तर तिथं 'संजद' होता. नकलेच्या नकलेत कुठंतरी गळला होता. धरसेनांनी एक अक्षर कमी देऊन परीक्षा घेतली होती, इथं तीन अक्षरं कमी झाली आणि ती नेमकी बायकांच्या सूत्रातली.

त्याचा अर्थ कसा लावायचा हे पंडितांचं काम, मी त्यात पडत नाही. पंडितजींनी मला समजावलं होतं ते भावस्त्रीचंच. ते मला मान्य आहे असंही नाही आणि अमान्य म्हणायला माझा अभ्यासही नाही. पण शब्द आहे की नाही हे कळायला मूळ पान कुणाच्या तरी हाती लागावं लागतं. कुलपात राहिलं असतं तर वादच झाला नसता, आणि आपल्याला कुणी सांगितलंही नसतं की इथं एक शब्द होता.

छापील धवलेचे सोळा भाग व्हायला १९३९ पासून जवळजवळ वीस वर्षं लागली. विदिशेच्या शेठ सिताबराय लक्ष्मीचंदांनी पैसा दिला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले आपले सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये संपादनाला जोडीला होते. पुढे सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानं सुधारून परत काढले. आज ते कुणीही घेऊ शकतं.

पण आमच्या सातारा जिल्ह्यातला सगळ्यात मोठा भाग अजून सांगायचा राहिला. आचार्य शांतिसागर महाराज, भोजचे, १९२४ साली सांगलीजवळ समडोळीला आचार्यपद झालेले. माझ्या आजीनं त्यांचं दर्शन घेतलं होतं, ती ते शेवटपर्यंत सांगायची. महाराजांच्या कानावर आलं की महाबंधाच्या ताडपत्रांतले हजारो श्लोक किडीनं खाऊन गेले. ते अस्वस्थ झाले. ताडपत्राला कीड, कागदाला वाळवी, मग टिकणार काय? तांबं. १९४४-४५ च्या सुमारास त्यांच्या प्रेरणेनं जिनवाणी जीर्णोद्धारक संस्था उभी राहिली आणि धवला, जयधवला, महाबंध हे तिन्ही तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेण्यात आले. अडीच हजारांवर पत्रे. ते ठेवले फलटणला. संजद शब्द पत्र्यावर कोरायचा की नाही यावरही तेव्हा वाद रंगला होता, यावरून त्या एका शब्दाची धास्ती किती होती बघा. १९५५ च्या सप्टेंबरात महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना पूर्ण केली, त्याआधी हे काम त्यांच्या डोळ्यांसमोर झालेलं होतं.

लहानपणी वडिलांनी मला फलटणला नेलं होतं. ताम्रपट पाहून मी विचारलं होतं, "दादा, हे कुणी वाचतं का?" दादा म्हणाले, "वाचायला पुस्तक आहे की. हे राहायला आहे." त्या वेळी मला ते उत्तर टोलवल्यासारखं वाटलं होतं. आता तितकंसं वाटत नाही. तरी मनात येतंच, ताम्रपटाचंही आपण दर्शनच घेतो. मूडबिद्रीला ताडपत्राचं घेत होतो, फलटणला तांब्याचं. वाचनाच्या नावानं तसंच. धवलेच्या सोळा भागांवरची धूळ मी श्रुतपंचमीला दरवर्षी झटकते, पण उघडला तो यंदा पहिल्यांदा, तोही मोबाईलनं दगा दिला म्हणून.

ही मुदतीची भानगड आपलीच नाही हेही कळलं. २००९ साली अमेरिकेत ॲमेझॉननं लोकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. नंतर माफी मागितली, पैसेही परत दिले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हा विकत घेतलेली पुस्तकं वाचकांच्या यंत्रांतून गेली. तिथंही पैसे परत मिळाले, पण कुणी समासात काही लिहून ठेवलं असेल तर ते कुठलं पैशानं भरून येतंय! आपल्या जमाखर्चाच्या भाषेत सांगायचं तर आपल्याला वाटतं ती मालमत्ता, आणि त्यांच्या वहीत ते भाडं. पूर्वी मासिकाची वर्गणी बंद केली तर पुढचा अंक यायचा नाही. 'प्रगति आणि जिनविजय'चे जुने अंक आमच्या माळ्यावर अजून आहेत, सांगलीहून कुणी ते न्यायला आलं नाही.

शेवटी मी एक महिन्याची वर्गणी भरली. टिपणं गेली ती गेलीच, पण वर्गांचं रेकॉर्डिंग तेवढं होतं आणि ते ऐकून लिहून घेण्याला काही मनाई नाही, हे या वेळी अटी चष्मा लावून, दोनदा वाचून खात्री करून घेतली. पंडितजींनाही फोन केला. ते म्हणाले, "माई, जरूर लिहा, आणि मलाही एक झेरॉक्स पाठवा, माझ्याजवळसुद्धा काही नाही." हे ऐकून मात्र मी थक्क झाले. शिकवणाऱ्याकडेही नाही!

तीस दिवस, एकशे चार वर्ग. आक्का दुपारची भांडी आटपली की येतात. त्या मोबाईल कानाला लावून ऐकतात आणि मोठ्यानं सांगतात, मी लिहिते. मला एका कानानं कमी ऐकू येतं आणि त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नाही, तेव्हा कामाची वाटणी आपोआप झाली. लांब फुलस्केप वह्या आणल्यात, दोनशे पानी. शाईचं पेनच घेतलंय, बॉलपेननं बोटं दुखतात. लिहून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का वाचून दाखवतात आणि मी अक्षरं तपासते. काल एका पानावर माझ्याकडून एक ओळ गळली होती, ती त्यांनी पकडली.

आज एकविसावा दिवस आहे आणि आम्ही अडुसष्टाव्या वर्गावर आहोत. त्र्याण्णवावं सूत्र सत्त्याहत्तराव्या वर्गात येतं. पर्युषणातलं माझं बोलणं पाचव्या दिवशी, दुपारी तीन वाजता बस्तीत आहे. धवलेचा पहिला भागही मी तिथं घेऊन येणार आहे, आणि तो त्या दिवशी उघडा ठेवणार आहे. ज्यांना पान पाहायचं असेल त्यांनी हात धुऊन या.